दुसरा स्पर्श : दृष्टी मिळाल्यावर उरणारा अंधार आणि कृपा

पायवाट (धागाकर्ता)

बायबलमधील येशूच्या चरित्राच्या चारही पुस्तकांत, म्हणजे शुभवर्तमानांत, येशूने आंधळ्यांना दृष्टी दिल्याचे प्रसंग आहेत, परंतु त्यांपैकी एकाच ठिकाणी हे काम एका दमात पुरे होत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात, बेथसैदा येथे, लोक एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसते का? तो मनुष्य वर पाहून सांगतो की माणसे दिसतात खरी, पण ती चालणाऱ्या झाडांसारखी दिसतात. मग येशू पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि तेव्हा कुठे त्याला सगळे स्पष्ट दिसू लागते. मत्तय आणि लूक यांनी मार्कातील बहुतेक मजकूर आपापल्या शुभवर्तमानांत घेतला आहे. हा प्रसंग मात्र दोघांनीही वगळला. पहिल्या स्पर्शाने काम अर्धवट राहिले, हे सांगणे त्यांना अवघड वाटले असावे, असे मला वाटते.

मार्काला ते अवघड वाटले नाही, कारण त्याने हा प्रसंग जिथे ठेवला आहे तिथे तो ठेवण्यामागे त्याचा हेतू आहे. याच्या थोडेच आधी नावेत शिष्य भाकरी विसरल्याची चिंता करत असतात आणि येशू त्यांना विचारतो की डोळे असून तुम्हांला दिसत नाही काय. याच्या लगेच नंतर, फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर, पेत्र हा शिष्य म्हणतो की आपण ख्रिस्त आहात. आणि येशूने आपल्या दुःखाविषयी व मरणाविषयी सांगताच तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो, तेव्हा त्याला 'सैताना' म्हणून फटकारले जाते. म्हणजे पेत्राला दिसू लागले आहे, परंतु त्यालाही माणसे झाडांसारखीच दिसत आहेत. तो आंधळा राहिलेला नाही आणि डोळस झालेलाही नाही. आध्यात्मिक आंधळेपणाविषयी आपल्या मंडळ्यांमध्ये जे बोलले जाते त्यात ही मधली अवस्था जवळजवळ कधीच येत नाही. आपण साक्ष देतो ती 'आधी अंधार होता, आता प्रकाश आहे' अशी, आणि त्यानंतर जणू पाहण्यासारखे काही शिल्लकच उरलेले नसते.

या मधल्या अवस्थेचे मला माहीत असलेले सर्वांत बोचरे उदाहरण जॉन न्यूटन यांचे आहे. 'अमेझिंग ग्रेस' हे जगभर गायले जाणारे गीत त्यांचे; एके काळी आंधळा होतो आणि आता दिसते, हे त्यातले शब्द योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूने ज्याला दृष्टी दिली त्या जन्मांधाच्या उत्तरावरून घेतलेले आहेत. न्यूटन यांचा जन्म लंडनचा, १७२५ सालचा. मार्च १७४८ मध्ये अटलांटिक महासागरात त्यांचे जहाज वादळात सापडले, त्यांनी देवाचा धावा केला, आणि पुढे आयुष्यभर ते हा दिवस आपल्या सुटकेचा दिवस म्हणून पाळत राहिले. ही गोष्ट आपल्याला उपदेशांतून सांगितली जाते आणि बहुधा इथेच थांबवली जाते. त्या वादळानंतरच न्यूटन गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचे कप्तान झाले. १७५० ते १७५४ या काळात त्यांनी अशा तीन सफरी केल्या. वरच्या डेकवर ते खलाशांसाठी रविवारची उपासना चालवत, पत्नीला देवाच्या कृपेविषयी प्रेमाने भरलेली पत्रे लिहीत, आणि खालच्या तळात साखळ्यांनी जखडलेली माणसे असत. १७५४ मध्ये त्यांनी समुद्र सोडला तो प्रकृतीच्या कारणाने. १७६४ मध्ये ते ओल्नी येथे पाळक झाले, हे गीत त्यांनी १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिले, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धची त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली ती १७८८ मध्ये. वादळापासून मोजले तर चाळीस वर्षे, आणि 'आता दिसते' असे लिहिल्यापासून मोजले तर पंधरा. त्या पुस्तिकेत त्यांनी स्वतःच कबूल केले आहे की ही कबुली द्यायला फार उशीर झाला आहे.

न्यूटन यांचा पालट खोटा होता, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मी तो काढत नाही. मला वाटते की त्यांना दृष्टी मिळाली होती आणि त्या दृष्टीला माणसे झाडांसारखी दिसत होती. जहाजाच्या तळातली माणसे त्यांना माल म्हणून दिसत होती, यापेक्षा अचूक वर्णन मला सुचत नाही. कृपेची खरी ओळख मला पहिल्या स्पर्शापेक्षा या दुसऱ्या स्पर्शात होते, कारण पहिल्या वेळी आपण निदान 'मला दिसत नाही' असे म्हणू शकतो. दुसऱ्या वेळी आपण 'मला दिसते' असे म्हणत असतो आणि तरीही तो आपल्या डोळ्यांवर पुन्हा हात ठेवतो.

हे मी दुसऱ्याविषयी लिहून थांबणार नाही. माझे घराणे नगर जिल्ह्यातले, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. मी विसाव्या वर्षी मंडळीपुढे उभा राहून 'प्रभूने माझे डोळे उघडले' अशी साक्ष दिली आणि ती मनापासून दिली. त्यानंतर नऊ वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीने आमच्याच मंडळीतल्या एका मुलाशी लग्न करायचे ठरवले, तेव्हा घरात पहिला प्रश्न मी विचारला, आणि तो होता, 'हे लोक मूळचे कोण?' मराठी ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसे सोयरिकीच्या वेळी चार पिढ्यांपूर्वीची जात विचारतात. मी त्या लग्नाला गेलो नाही.

ज्यांना या विषयावर काही म्हणायचे आहे त्यांनी जरूर लिहावे. विशेषतः ज्यांचे मत वेगळे आहे त्यांचे मला ऐकायचे आहे.

करंजवेल

आपले लेखन मी स्क्रीन वाचकावर ऐकले, कारण मी जन्मापासून पाहू शकत नाही. मी ख्रिस्ती आहे आणि लहानपणापासून हे सगळे प्रसंग ऐकत आले आहे, म्हणून एक गोष्ट मनात न ठेवता सांगते. 'आध्यात्मिक आंधळेपण' हा शब्दप्रयोग दर रविवारी कानांवर पडतो तेव्हा तो माझ्या शरीराच्या नावाने पापाचे वर्णन करतो. उपदेश करणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. उपासनेनंतर अनोळखी माणसे माझ्या डोक्यावर हात ठेवून, मला न विचारता, माझ्या दृष्टीसाठी प्रार्थना करतात, आणि दिसू लागले नाही म्हणजे माझा विश्वास कमी पडला असे गृहीत धरतात. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जो प्रश्न विचारला, की हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, तोच प्रश्न आजही जरा सौम्य शब्दांत विचारला जातो.

याच अध्यायातली मला धीर देणारी गोष्ट अशी की येशू तो प्रश्नच नाकारतो; याने पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही केले नाही, असे तो स्पष्ट सांगतो. शिवाय त्या अख्ख्या अध्यायात देवाविषयी सर्वांत नेमका विचार करणारा मनुष्य तो आंधळा भिकारीच आहे. शिकलेली मंडळी त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती करतात आणि तो एकेका वाक्यात त्यांना निरुत्तर करतो. ही त्याची बुद्धी काही त्याच दिवशी तळ्यावर डोळे धुताना मिळालेली नव्हती.

दुसरे म्हणजे, आपण बेथसैदाच्या प्रसंगाविषयी लिहिले आहे त्याला एक वैद्यकीय बाजूही आहे. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर मोठेपणी शस्त्रक्रिया झाली तर डोळा उघडताक्षणी त्यांना जग 'दिसत' नाही. भारतात प्रोजेक्ट प्रकाश या उपक्रमात अशा मुलांचा अभ्यास झाला आहे. हाताने चाचपून ओळखीची झालेली वस्तू नुसत्या डोळ्यांनी ओळखणे त्यांना पहिल्या दिवशी जमत नाही. ते पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत शिकावे लागते. बेथसैदाचा मनुष्य झाडे ओळखतो, म्हणजे त्याने पूर्वी कधीतरी पाहिले असावे. तरीही उजेड आत येणे आणि त्या उजेडात कोण उभे आहे ते कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायवाट

करंजवेल, आपण जे सांगितले ते मला पूर्णपणे मान्य आहे आणि माझ्या लेखात ते यायला हवे होते. आपण म्हणता त्यात मी एवढीच भर घालतो की नवव्या अध्यायाच्या शेवटी येशू हा शब्द परूश्यांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहूदी पंथाच्या लोकांवर, उलटवतो. 'आम्हीही आंधळे आहोत काय?' असे ते विचारतात तेव्हा तो म्हणतो की तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसते. पण 'आम्हांला दिसते' असे तुम्ही म्हणता, म्हणून तुमचे पाप तसेच राहते. म्हणजे न दिसणे हे इथे निर्दोष ठरवले गेले आहे आणि दोष ठेवला आहे तो दिसत असल्याच्या खात्रीवर. 'आंधळेपण' हा शब्द आपण सारे उलट्या बाजूने वापरत आलो आहोत. यापुढे मी 'आम्हांला दिसते असे म्हणणे' हाच शब्दसमूह वापरायचा प्रयत्न करीन.

आपण सांगितलेल्या मुलांविषयी मी आज दिवसभर विचार करत आहे. उजेड आत येणे आणि त्या उजेडात कोण उभे आहे ते कळणे, हा भेद मला तीन परिच्छेदांत सांगता आला नव्हता.

निर्मळचा वाटसरू

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे योहानाचा नववा अध्याय ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी, तीन वर्षांच्या वाचनक्रमातील 'अ' वर्षी, वाचला जातो, आणि ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढांसाठी त्या दिवशी खास विधी असतो. ही प्रथा फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन या हुतात्म्याने बाप्तिस्म्याला 'प्रकाशन' हेच नाव असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या भिंतींवर आंधळ्याला बरे करणारा येशू रंगवलेला आढळतो. आपण पहिल्या आणि दुसऱ्या स्पर्शाविषयी लिहिले, त्याला आमच्या परंपरेत जागा आहे. बाप्तिस्मा एकदाच होतो, पण प्रायश्चित्तसंस्कार पुन्हा पुन्हा घेतला जातो, आणि माझ्या मते कबुलीच्या खोलीत गुडघे टेकणारा प्रत्येक जण नकळत हेच म्हणत असतो की माणसे मला अजून झाडांसारखी दिसतात.

मला जो मुद्दा पुढे मांडायचा आहे तो कृपेचा. जन्मांधाने येशूकडे काहीही मागितलेले नाही. अध्याय पुन्हा वाचून पाहावा. तो हाक मारत नाही, विनवणी करत नाही, येशू कोण आहे हेही त्याला माहीत नाही. येशू जाता जाता त्याला पाहतो, माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धुवायला सांगतो. संत ऑगस्टिन यांनी या अध्यायावरच्या प्रवचनात म्हटले आहे की हा आंधळा म्हणजे अवघी मानवजात. पेलागियस या त्यांच्या काळातल्या ख्रिस्ती उपदेशकाशी त्यांचा जो वाद झाला त्याचे मूळ इथेच आहे: मनुष्य आपल्या बळावर देवाकडे वळू शकतो की त्या वळण्यालाही कृपाच लागते? ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने आपल्या बळावर वळता येते हे पेलागियसचे मत अमान्य केले. पण त्याच वेळी हेही ध्यानात ठेवावे की तो मनुष्य डोळ्यांवर माती घेऊन, अजून काही दिसत नसताना, तळ्यापर्यंत चालत गेला. २००४ मध्ये जेरुसलेमात सांडपाण्याच्या वाहिनीचे काम चालू असताना या तळ्याच्या रुंद दगडी पायऱ्या सापडल्या. त्यांची छायाचित्रे पाहताना मला नेहमी वाटते की तो या पायऱ्या पायांनी चाचपत उतरला असेल. कृपा आधी आली, पण पायऱ्या त्यालाच उतराव्या लागल्या.

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, आणि हा धागा आदराने वाचतो आहे. कृपा हा शब्द आम्हांला परका नाही. ज्ञानांजनाच्या काडीने अज्ञानाच्या अंधाराने आंधळे झालेले डोळे उघडणारा गुरू आम्ही लहानपणापासून स्तोत्रात म्हणत आलो, आणि संतांच्या वाणीत तर पदोपदी असेच आहे की आमच्यात काही नव्हते, जे झाले ते त्याच्या कृपेने. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत, हे मी वाचले आहे. मग आपण ज्याला दुसरा स्पर्श म्हणता त्यात आणि आमच्याकडे साधकाच्या मनावरची पुटे एकेक करून निघतात असे म्हणतात त्यात काही फरक आहे का, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

पायवाट

इंद्रायणीकाठ, आपल्या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. साम्य खरे आहे आणि ते नाकारण्याची मला इच्छा नाही; मराठी ख्रिस्ती माणसाने कृपेविषयी बोलायला जी भाषा घेतली ती संतांच्याच अंगणातून घेतली. फरक मला दिसतो तो असा. अंजनाच्या रूपकात अडचण अज्ञानाची आहे, आणि ज्ञान आले की ती सरते. योहानाच्या नवव्या अध्यायात परूश्यांजवळ ज्ञान भरपूर आहे. त्यांना शास्त्र माहीत आहे, शब्बाथाच्या, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी मळणे हे निषिद्ध कामांत मोडते हे माहीत आहे, आणि येशूने त्या दिवशी माती कालवली हे त्यांनी बरोबर हेरले आहे. सुरुवातीला त्यांच्यात मतभेद आहेत, काही जण तर म्हणतात की पापी मनुष्याला अशी चिन्हे कशी करता येतील. पण चौकशी जसजशी पुढे जाते तसतसे त्यांचे 'आम्हांला ठाऊक आहे' वाढत जाते आणि शेवटी ते त्या मनुष्याला बाहेर घालवतात.

त्याच वेळी त्या मनुष्याची वाट उलट दिशेने चालली आहे. येशू कोण, असे विचारल्यावर तो आधी 'येशू नावाचा मनुष्य' म्हणतो, मग 'संदेष्टा' म्हणतो, मग 'देवापासून आलेला' म्हणतो, आणि बाहेर घालवल्यानंतर येशू त्याला शोधून काढतो तेव्हा तो त्याला नमन करतो. 'मला ठाऊक नाही' हे शब्द तो मधूनमधून सहज उच्चारतो. म्हणून ख्रिस्ती समजुतीप्रमाणे या आंधळेपणाचे मूळ ज्ञानाच्या अभावापेक्षा इच्छेत आहे: जे पाहिले तर आपले काही जाईल ते आपण पाहत नाही. न्यूटन यांचे वेतन गुलामांच्या व्यापारावर होते. माझी घराण्याची प्रतिष्ठा त्या एका प्रश्नावर होती.

सदाफुली

माझे माहेर दौंड तालुक्यातले, केडगावापासून जवळ, म्हणून पंडिता रमाबाईंविषयी लिहिते. या धाग्यात त्यांचे नाव अजून कसे आले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे, आयुष्याच्या उत्तरार्धात दिलेल्या साक्षीत, त्यांनी स्वच्छ लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. ही आठ वर्षे काही आळसात गेलेली नव्हती. त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, विधवांसाठी रात्रंदिवस झटल्या, आणि वाँटेजच्या सिस्टरांशी पत्रांतून त्रैक्याविषयी आणि चर्चच्या अधिकाराविषयी निर्भयपणे वाद घातला. एवढे सगळे पाहणाऱ्या बाईने 'मला दिसत नव्हते' असे म्हणावे, यातच त्यांचे मोठेपण आहे.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी जी घरे उभी केली त्यांची नावे पाहावीत. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी जे घर होते त्याचे नाव 'कृपा सदन', आणि आंधळ्या मुलींसाठी जे घर होते त्याचे नाव 'बार्तिमी सदन', येशूने दृष्टी दिलेल्या, यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयावरून. त्या मुलींना रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकवत असे. करंजवेल ताईंनी डोक्यावर हात ठेवणाऱ्या लोकांविषयी लिहिले ते वाचून मला हे आठवले. ज्यांनी त्या घराला बार्तीमयाचे नाव दिले त्यांनी तिथल्या मुलींच्या हाती वाचायची अक्षरे दिली.

करंजवेल

सदाफुली, आपण बार्तीमयाचे नाव काढले म्हणून लिहिते. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू त्याला विचारतो, 'मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?' तो मनुष्य आंधळा आहे हे सर्वांना दिसत असतानाही येशू आधी विचारतो. माझ्या डोक्यावर हात ठेवणाऱ्यांपैकी एकानेही मला हे विचारलेले नाही.

पायवाट

करंजवेल, याच अध्यायात, याच्या थोडेसेच आधी, येशू हाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत याकोब आणि योहान यांना विचारतो. ते दोघे डोळस आहेत आणि ते मागतात उजवीकडचे आणि डावीकडचे आसन. बार्तीमय मागतो ते एवढेच की मला दिसावे. बेथसैदाच्या आंधळ्यापासून यरीहोच्या आंधळ्यापर्यंतचा हा सगळा भाग मार्काने असा दोन आंधळ्यांच्या मध्ये ठेवला आहे, आणि त्या दोघांच्या मध्ये जे चालतात ते सर्व शिष्य आहेत.

राईनतीर

मी कामानिमित्त जर्मनीत राहतो आणि सीमेपलीकडच्या, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचे कॅथेड्रल मला जवळ पडते. तिथे दक्षिण दरवाजाशी तेराव्या शतकातील दोन स्त्रीमूर्ती होत्या. आज दारावर त्यांच्या प्रतिकृती आहेत आणि मूळ मूर्ती संग्रहालयात आहेत. एक मूर्ती चर्चची, मुकुट घातलेली, सरळ पाहणारी. दुसरी यहूदी सभास्थानाची, मोडलेला भाला घेतलेली, आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली. कलाकुसर इतकी सुंदर आहे की पट्टीखालच्या पापण्यांचा उंचवटाही जाणवतो. ज्या समाजाने ही मूर्ती घडवली त्याच शहरात १३४९ च्या फेब्रुवारीत, काळ्या मृत्यूच्या साथीच्या दिवसांत, यहूद्यांना जिवंत जाळले गेले.

आपण योहानाच्या नवव्या अध्यायावर एवढे लिहिले आहे, म्हणून हे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. त्या अध्यायातला जन्मांध यहूदी होता, त्याचे आईबाप यहूदी होते, येशू यहूदी होता. 'यहूदी आंधळे आहेत' असा त्याचा अर्थ ज्या चर्चने शतकानुशतके काढला, त्याने 'आम्हांला दिसते' हे त्या अध्यायातले दोषारोपाचे वाक्य स्वतःच्या दारावर दगडात कोरून घेतले. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत यहूद्यांवरचा सामूहिक दोषारोप अधिकृतपणे नाकारला. दुसऱ्या स्पर्शाला इथे कित्येक शतके लागली, आणि तोपर्यंत पट्टी कोणाच्या डोळ्यांवर होती, हे आता सांगायला नको.

उभा रस्ता

सर्वांचे लेखन वाचले. मला एक गोष्ट टोचते आहे आणि ती मी आडपडदा न ठेवता विचारतो. न्यूटन यांना चाळीस वर्षांनी दिसले, रमाबाईंना आठ वर्षांनी, चर्चला कित्येक शतकांनी, आणि धागाकर्त्यांनाही त्यांच्या काळाने. देवाची कृपा एवढी धीराची आहे, हे पाहणाऱ्याच्या दृष्टीने फार सुंदर आहे. पण जहाजाच्या तळात जी माणसे होती त्यांनी या धीराची किंमत दिली. त्यांच्यासाठी कृपा कुठे होती? माझे आजोबा ज्यांना 'मूळचे कोण' असे विचारले जाते त्या बाजूचे. मंडळीत शेवटच्या बाकावर बसून त्यांनी जन्म काढला. त्यांना कोणाचाही दुसरा स्पर्श पाहायला मिळाला नाही.

पायवाट

उभा रस्ता, आपल्या प्रश्नाला माझ्याकडे पुरे उत्तर नाही आणि जे आहे ते आपल्या आजोबांना पुरेसे वाटले असते असा दावा मी करणार नाही. कृपेचा धीर हा आंधळ्या माणसाच्या सोयीसाठी असतो असे मी लिहिले असेल, तर ते चुकीचे आहे. न्यूटन यांनी १७८८ मध्ये जे केले ते 'मला क्षमा झाली' एवढे म्हणून थांबणे नव्हते. तळात काय चालत असे ते त्यांनी पाहिलेल्या माणसाच्या तपशिलाने लिहिले, आणि सरकारी चौकशीपुढे उभे राहून साक्ष दिली, ज्यात त्यांची स्वतःचीच बेअब्रू होती. १८०७ मध्ये ब्रिटनने हा व्यापार कायद्याने बंद केला. त्याच वर्षी डिसेंबरात ते वारले. त्याने ती माणसे परत आली नाहीत. दृष्टी आल्यावर पहिले काय दिसते, तर आपण ज्यांना झाडे समजत होतो त्यांचे चेहरे, आणि ते दिसणे सुखाचे नसते. त्याला मी तरीही कृपाच म्हणतो, कारण ते न दिसता मेलो असतो तर अधिक वाईट झाले असते. पण हे मी माझ्या बाजूने बोलतो आहे, आपल्या आजोबांच्या बाजूने बोलण्याचा मला अधिकार नाही.

उभा रस्ता

आपण प्रामाणिक उत्तर दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. मग एवढेच विचारतो. बहिणीच्या लग्नाला आपण गेला नव्हता, असे लिहिले आहे. पुढे काय झाले?

पायवाट

अकरा वर्षे मी तिच्या घरी गेलो नाही. सणावाराला ती आमच्याकडे येई, तिचा नवरा फाटकापर्यंत सोडून परत जाई, आणि त्याला आत बोलावण्याचे मला सुचत नसे. खरे म्हणजे, मी ते सुचू देत नसे. आई आजारी पडली तेव्हा रुग्णालयात रात्रीचे जागरण त्यानेच केले. मी सकाळी जाई तेव्हा तो खुर्चीत बसलेला असे आणि मला पाहून उठून उभा राही. तिसऱ्या की चौथ्या सकाळी माझ्या लक्षात आले की तो माझ्यासाठी खुर्ची रिकामी करतो आहे, आणि इतकी वर्षे मी त्याच्याकडे पाहून एकदाही त्याच्या नावाने हाक मारलेली नाही. त्या दिवशी मी त्याला नावाने हाक मारली आणि बस म्हटले. तो बसला नाही. तो म्हणाला, 'दादा, तुम्ही बसा, मी चहा घेऊन येतो.'

त्यानंतरच्या ईस्टरला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो. जेवणाआधी त्याच्या वडिलांनी मला प्रार्थना करायला सांगितले, कारण वडील माणसांनी पाहुण्याला तो मान द्यायचा अशी आमच्याकडे रीत आहे. मी त्यांना विनंती केली की प्रार्थना आपणच करावी. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी डोळे मिटले आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन देवाचे आभार मानले. माझे नाव त्यांनी शेवटी घेतले.